सार्वकालिक जीवन आणि विरार फास्ट: मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, बायबल अभ्यास बुधवारी संध्याकाळी असतो. अभ्यास तासाभराचा आणि नंतरचा चहा दीड तासाचा, कारण खरे प्रश्न चहाच्या वेळी निघतात. काही जण रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली लिहितात, "ग्रुपवर टाकू नका." तेच तेच प्रश्न फिरून येऊ लागले तेव्हा नावं काढून ते एकत्र केले. मी पाळक (पास्टर) नाही, बँकेतून निवृत्त झालेला आणि अभ्यास घेणारा माणूस आहे. विचारणाऱ्यांत वसई-उत्तनकडचे कॅथलिकही आहेत, म्हणून जिथे दोन्हीकडची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलंय.

१. "सार्वकालिक गोष्टींना पहिलं स्थान द्या" असं प्रत्येक उपदेशात ऐकतो. म्हणजे नेमकं काय करायचं? नोकरी-संसार दुय्यम मानायचा का?

मत्तय ६:३३ मध्ये देवाचं राज्य मिळवण्याची खटपट करा असं येशू सांगतो, तिथे "पहिल्याने" असा शब्द आहे, "फक्त" असा नाही. त्याच्या आदल्याच ओळीत येशू म्हणतो की अन्न-वस्त्राची तुम्हाला गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे. म्हणजे गरज नाकारलेली नाही, तिचा नंबर सांगितला आहे.

दुसरं, सार्वकालिक जीवन हे मेल्यावर सुरू होणारं पेन्शन नव्हे. योहान १७:३ प्रमाणे देवाला आणि त्यानं पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं हेच ते जीवन, आणि ती ओळख आत्ता, डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्येही होते.

"स्वर्गाकडे डोळे लावून बसलेली माणसं इथे कुणाच्या उपयोगाची नसतात" हा टोमणा आपल्याला ऐकावा लागतो. त्यावर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. साध्या शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं हा त्यांचा हट्ट होता. त्यांचे डोळे नक्की कुठे लागलेले होते हे त्यांच्या कामावरून दिसतं.

स्वतःला तपासायचं असेल तर एक गोष्ट बघा: घरात आवाज कशावरून चढतो? आमच्याकडे बरीच वर्षं तो मार्कशीटवरून चढायचा.

२. चांगली कामं केली की स्वर्ग मिळतो, इतकं सोपं आहे ना?

नाही. इफिसकरांस पत्र २:८-१० सलग वाचा. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे. आणि लगेच पुढे, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. आधी दान, मग कृत्यं. हा क्रम उलटा झाला की माणूस एकतर गर्विष्ठ होतो नाहीतर थकतो.

३. सकाळी ६:४० ला घर सोडतो, रात्री नऊला परत. बायबल कधी वाचायचं? प्रार्थना कधी करायची?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा विरार, नालासोपारा, बदलापूरहून.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास तरी गाडीत जातात. त्याच गाडीत भजनी मंडळी टाळ घेऊन उभ्यानं अभंग म्हणतात, हे तुम्ही रोज बघता. त्यांनाही बसायला जागा मिळत नाही. मला त्यांच्याकडे बघून दरवेळी थोडी लाज वाटते, म्हणून हे लिहिलं.

काय जमतं ते सांगतो. मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळाच अध्याय आहेत. रोज एक अध्याय मोबाईलवर वाचला तर सोळा दिवसांत संपतं. हात वर करता येणार नाही इतकी गर्दी असेल तर अध्याय आदल्या रात्री कानात ऐकून ठेवा आणि गाडीत त्यातली एकच ओळ घोळवा. स्तोत्र ११९ तर यासाठीच रचल्यासारखं आहे: १७६ ओव्या, आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग. एक भाग दादर ते अंधेरीत सहज होतो. कॅथलिक बहिणी बोटांवर मोजून जपमाळ म्हणतात; आमच्या एका ताईंची पाच रहस्यं, म्हणजे जपमाळेचे पाच टप्पे, बोरिवलीपर्यंत पूर्ण होतात. जुन्या आवृत्तीची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही.

एक सावधगिरी. गाडीतलं वाचन म्हणजे डबा खाण्यासारखं आहे. रोज डबाच खाणाऱ्याला आठवड्यातून एकदा ताटावर बसून जेवायला हवं, म्हणून रविवारची उपासना सोडू नका. रविवारीच ड्युटी असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

४. रविवारी शिफ्ट लागते. चर्चला न जाणं हे पाप आहे का?

तुम्ही परिचारिका, बेस्टचे चालक, पोलीस किंवा हॉटेलात असाल आणि रोस्टर तुमच्या हातात नसेल, तर अपराधी वाटून घेऊ नका. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, असं येशू मार्क २:२७ मध्ये म्हणतो. मात्र इब्री १०:२५ मधली "एकत्र मिळणं सोडू नका" ही सूचना तुम्हालाही लागू आहे, फक्त वार बदलेल. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानं (उपासनेनं) रविवारचं कर्तव्य पूर्ण करता येतं. इतरांनी बुधवारची किंवा घरची प्रार्थनासभा धरावी आणि पाळकांना मोकळेपणानं सांगावं. बरेच पाळक प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षरस) घेऊन घरी येतात.

रोस्टर हातात असूनही डबल पगारासाठी रविवार मागून घेणं मात्र वेगळं. महिनाभर हप्त्याची अडचण असेल तर समजू शकतो. तीन वर्षं अडचण चालू असेल तर ती अडचण नसून पसंती आहे.

मुलांचे रविवारचे क्लासेस? तेच उत्तर. दहावीच्या वर्षी शब्बाथशाळा (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) सोडवली की मूल एक धडा शिकतं, पण तो गणिताचा नसतो.

५. दशांश (देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग) ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या रकमेवर?

हा प्रश्न ऐकला की माझ्यातला बँकवाला जागा होतो आणि मी त्याला झोपवतो.

लेवीय २७:३० मध्ये दशांश धान्य-फळांचा आहे, मलाखी ३:१० मध्ये भांडारात आणायचा आहे. येशू मत्तय २३:२३ मध्ये पुदिना-बडीशेपेचाही दशांश मोजणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास विसरल्याबद्दल झापतो. मोजणं सोडा असं म्हणत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रांत टक्केवारी सांगतच नाही: ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नव्हे (२ करिंथ ९:७), आणि जे आहे त्याच्या मानानं, जे नाही त्याच्या मानानं नव्हे (८:१२). कॅथलिकांमध्ये ठरावीक टक्का नाही, पण चर्चच्या गरजांना हातभार लावणं कर्तव्य आहे.

माझं मत विचाराल तर दहा टक्के ही सुरुवातीची सवय म्हणून छान आहे. पगाराच्या दिवशी, बाकी काहीही कापण्याआधी बाजूला काढा. ज्याला सव्वा लाख मिळतात त्याला दहा टक्के देऊनही काही सोडावं लागत नाही. जी बाई तीन घरची धुणीभांडी करते तिला पाच टक्केही जड आहेत. मार्क १२ मधल्या विधवेची दोन नाणी येशूनं अशीच मोजली.

"इतके हजार बीज म्हणून पेरा, शंभरपट मिळेल" असं सांगून तुमच्याकडून क्यूआर कोड स्कॅन करून घेणाऱ्यांना देऊ नका. तो दशांश नाही, लॉटरीचं तिकीट आहे. कर्ज काढूनही देऊ नका. आई-वडिलांचा खर्च अडत असेल तर आधी प्रश्न ६.

६. गावी आई-बाबांना पैसे पाठवले की चर्चला देण्यासारखं उरत नाही. काय करू?

आई-बाबांना पाठवा. मार्क ७ मध्ये काही लोक पालकांना देण्याचे पैसे "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण, म्हणून मोकळे होत होते, आणि येशू त्यांच्यावर संतापला. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी माणसापेक्षा वाईट, हे १ तीमथ्य ५:८ चे शब्द आहेत, माझे नाहीत. दानपेटीत वीस रुपये टाका आणि मान वर करून बाहेर पडा.

७. विमा, एसआयपी, पीपीएफ हे देवावरच्या अविश्वासाचं लक्षण आहे का?

योसेफानं मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला म्हणून दुष्काळात लोक जगले (उत्पत्ती ४१). नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला मुंगीकडे पाठवलं आहे. कमावत्या माणसानं टर्म इन्शुरन्स न घेणं याला मी विश्वास म्हणत नाही, बायको-मुलांवर टाकलेला भार म्हणतो.

मग लूक १२ मधला धनवान मूर्ख का ठरला? कोठार बांधलं म्हणून नव्हे. त्याचं स्वगत वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझ्या जिवा. त्यात शेजारी नाही, मजूर नाही, देव नाही. तुमच्या एक्सेल शीटमध्ये दुसऱ्या कुणाच्या नावाचा एखादा रकाना आहे का, ते बघा. भिशी चालवणाऱ्या आमच्या महिला संघातल्या बायका दर वर्षी एक नंबर गरजूला आधी देतात. मला हे कुठल्याही म्युच्युअल फंडापेक्षा आवडतं.

८. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि भावाभावांत बोलणं बंद झालं. ख्रिस्ती माणसानं हक्क सोडून द्यावा का?

गेल्या दहा वर्षांत या एका विषयानं जेवढी कुटुंबं फोडली तेवढी मी दारूनंही फुटताना पाहिली नाहीत. ज्या खोलीत आठ माणसं गुण्यागोविंदानं राहिली तिच्या बदल्यात मिळणाऱ्या फ्लॅटवरून दोघं एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत.

लूक १२:१३ मध्ये हाच प्रश्न आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग लोभापासून जपा असं सांगून वर आलेली धनवानाची गोष्ट सांगतो. म्हणजे ती गोष्ट मुळात वाटणीच्या भांडणातून निघाली आहे.

तुम्ही सुस्थितीत असाल आणि वाद बिल्डरकडून मिळणाऱ्या दोन-तीन लाखांच्या कॉर्पसवरून असेल तर १ करिंथ ६:७ ऐका: त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? मी स्वतः एकदा सोडलं. पहिलं वर्ष वाईट गेलं, खोटं कशाला बोलू. आता भाऊ नाताळला घरी येतो.

पण याचा उलटा वापर होतो आणि तो मला सहन होत नाही. विधवा बहिणीला "ताई, तू विश्वासातली, तू माफ कर" म्हणून सह्या घेतल्या जातात. यशया १:१७ मध्ये विधवेची बाजू घ्यायला सांगितलंय, तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायला नव्हे. सोडायचं की नाही हे ज्याचं जातंय त्यानं ठरवावं, ज्याला मिळतंय त्यानं उपदेश करू नये. आणि कायदाही माहीत असू द्या: मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलग्यांना-मुलींना सारखं, लग्न झालेली मुलगी असली तरी. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्यानं कुणी मालक होत नाही. पागडीच्या खोलीचं गणित निराळं, त्यासाठी वकील गाठा.

मृत्युपत्र करून ठेवणं हीसुद्धा भक्ती आहे. ते केलंत तर हा प्रश्न तुमची मुलं मला पाठवणार नाहीत.

९. फ्लॅट घेताना विकणारा काही रक्कम रोख मागतो. सगळेच देतात. चालेल?

नाही. महाग पडेल हे मान्य. लूक १९ मधल्या जक्कया जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत दिलं तेव्हा त्यालाही महागच पडलं असणार.

१०. सोसायटीत गणपतीची वर्गणी मागतात, शेजारच्या काकू प्रसाद देतात, ऑफिसात सत्यनारायण असतो. काय करावं?

पौलाच्या काळी करिंथमध्ये मांसाच्या बाजारात मूर्तीला वाहिलेलं मांस विकलं जायचं, म्हणून १ करिंथ ८ ते १० हे अध्याय जणू आपल्यासाठीच लिहिले आहेत. त्यांतलं सार असं: मूर्तीपुढे ठेवल्यानं अन्न बदलत नाही, पण उपासनेत सहभागी होणं ही वेगळी गोष्ट, आणि ज्याचा विवेक कच्चा आहे त्याला तुमच्या मोकळेपणानं ठेच लागू नये.

म्हणून काही भाऊ-बहिणी प्रसाद घेतात, काही नम्रपणे नको म्हणतात. रोमकरांस १४ प्रमाणे घेणाऱ्यानं न घेणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न घेणाऱ्यानं घेणाऱ्याचा न्याय करू नये. मी स्वतः काय करतो? काकूंनी प्रेमानं दारात आणलेली वाटी मी परत पाठवत नाही. आरतीत उभा राहत नाही. वर्गणी पूजेच्या नावानं देत नाही, पण त्याच मंडळाच्या रक्तदान शिबिराला पैसे देतो आणि खुर्च्या उचलायला जातो. सेक्रेटरीला हे पहिल्याच वर्षी शांतपणे सांगितलं, त्यानंतर कुणी विचारलं नाही. नाताळच्या करंज्या आमच्याकडून चौदा घरी जातात.

ऑफिसात तुमची ड्युटीच साहेबांसोबत उभं राहण्याची असेल तर २ राजे ५ मधला सेनापती नामान आठवा. त्याला आपल्या धन्याला, म्हणजे राजाला, आधार देत रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकावं लागणार होतं. तो आधीच क्षमा मागतो आणि अलीशा संदेष्टा त्याला "शांतीनं जा" एवढंच म्हणतो. ही सवलत सेवकाची आहे, सोयीची नाही. सोयीसाठी श्रद्धा लपवण्याचा प्रश्न पुढे आहे.

११. आमच्या घरी कागदावर धर्म वेगळा आहे, रविवारी आम्ही चर्चला जातो. जातीच्या दाखल्यामुळे असं करावं लागतं. हे खोटं आहे का?

या प्रश्नाखाली "ग्रुपवर टाकू नका" नेहमीच असतं, आणि मीही तो हलक्या हातानं उचलतो.

आधी वस्तुस्थिती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. बाप्तिस्म्यानं जात पुसली जाते असं कायदा मानतो. गावच्या पाणवठ्यानं आणि खुद्द आपल्या काही मंडळ्यांनी तसं मानलं नाही, हे सांगायला मला लाज वाटते. २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात म्हटलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक आहे.

आता तुमचा प्रश्न. हो, ते खोटं आहे. आणि ज्या व्यवस्थेनं तुम्हाला पोटाची भाकरी आणि बाप्तिस्मा यांतलं एक निवडायला लावलं तीही अन्यायी आहे. पहिलं वाक्य बोलून दुसरं न बोलणाऱ्या उपदेशकाचं ऐकू नका. स्वतःला पिढीजात सगळं मिळालेल्याचं तर मुळीच नको. घाईनं काही करू नका. पाळकांशी आणि या विषयातल्या वकिलाशी बोला, मुलांचं शिक्षण कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. पण "असंच चालायचं" म्हणून विषय कायमचा मिटवूनही टाकू नका. आमच्यातल्या एका कुटुंबानं धाकटीपासून कागद सरळ केले. तिची फी आता मंडळीतले सहा जण मिळून भरतात. हे ओझं एकट्यावर पडलं तर मंडळी म्हणवून घेण्यात काय अर्थ?

१२. माझा नवरा ख्रिस्ती विश्वासात नाही. मी घर सोडावं, की चर्च?

दोन्ही नको. १ करिंथ ७:१२-१४ स्पष्ट आहे: तो नांदायला राजी असेल तर सोडू नये. १ पेत्र ३:१ मध्ये बायकोचं वागणं शब्दांवाचून बोलतं असं म्हटलंय. त्याच्या उशाखाली पत्रकं ठेवणं थांबवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं दोघांनाही सोपी नव्हती.

मारहाण असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित जागी जा, १८१ किंवा ११२ ला फोन करा, वचनं नंतर.

१३. मुंबईत पुरायला जागा नाही. कबर पुन्हा उघडतात, त्यात दुसऱ्याला ठेवतात. दहन केलं तर पुनरुत्थानाचं काय?

काही होत नाही. १ करिंथ १५ मध्ये शरीराला पेरलेल्या दाण्याची उपमा आहे, आणि दाणा जसाच्या तसा उगवत नाही. समुद्रात बुडालेल्या कोळ्याला आणि आगीत गेलेल्या हुतात्म्यांना उठवणारा देव शिवडीच्या दफनभूमीतल्या रजिस्टरवर अवलंबून नाही. कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखुरायची किंवा घरी ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांना विचारा, आणि विचारायचं ते आजारपणाच्या आधी, घरातल्या म्हाताऱ्यांसमोर. त्यांना वाटतं तितकं वाईट वाटत नाही.

कबर आपली राहत नाही याचं दुःख मला कळतं. माझ्या आईच्या कबरीत मामा आहे. उत्पत्ती २३ मध्ये अब्राहामाला अख्खा देश देण्याचं वचन मिळालेलं असतं, आणि प्रत्यक्षात तो विकत घेतो ती मकपेलाची गुहा, चारशे शेकेल रुपे मोजून, बायकोला, सारेला, पुरायला. पुढे तोही तिथेच, मग इसहाक, रिबका, लेआ, याकोब. सगळे एकाच गुहेत.

कौटुंबिक कबर असेल तर पावती आणि कबरीचा नंबर एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही कुठे आहे ते धाकट्यांना सांगा.